गाडीतील कंपनीचा स्टिरिओ : थोड्या खर्चात चांगला आवाज



एके काळी आपल्या वस्तीत चारचाकी गाडी येणे ही मुलांनी धावत जाऊन पाहण्याची गोष्ट होती. आज आपल्यातील अनेकांकडे स्वतःची गाडी आहे. कोणी नोकरीवर कर्ज काढून ती घेतली आहे, तर कोणाची गाडी टॅक्सी किंवा शाळेची व्हॅन म्हणून घर चालवीत आहे. नागपूरची दीक्षाभूमी असो की दादरची चैत्यभूमी, सहकुटुंब प्रवासात वामनदादा कर्डकांची गीते लागतातच. परंतु आवाज थोडा वाढविला की तो चिरकतो, ढोलकी डबा वाजविल्यासारखी ऐकू येते आणि शब्द नीट कळत नाहीत, ही तक्रार सर्वांचीच आहे.

अशा वेळी दुकानात गेल्यास नवा मोठ्या पडद्याचा स्टिरिओ, डिकीत ठेवायचा वूफर आणि चार स्पीकर असा एकदम मोठा संच पुढे केला जातो. गाडीचा हप्ता आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालू असताना ही रक्कम लहान नसते. म्हणून पैसे नेमके कोठे खर्च करावेत व कोठे करू नयेत, याचा विचार येथे केला आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. कंपनीच्या साध्या स्टिरिओत कमकुवत असतात ते बहुधा स्पीकर आणि ते बसविलेले दार. म्हणून सुधारणेची सुरुवात तेथूनच करावी.

१) वॅटच्या आकड्याची परीक्षा

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी उपदेश केला की, केवळ कोणी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, ती स्वतः पारखून घ्या. खोक्यावरील वॅटच्या आकड्यालाही हाच न्याय लावावा.

पुष्कळ स्टिरिओंवर '५० वॅट × ४' असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीला सुमारे १४.४ व्होल्ट वीज मिळते. स्पीकरचा अवरोध साधारणतः ४ ओहम असतो. स्टिरिओतील चिप स्पीकरच्या दोन्ही तारा विरुद्ध दिशांनी हलविते, त्यामुळे स्पीकरला जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचे शिखर मिळू शकते. स्वच्छ ध्वनिलहरीसाठी हिशेब असा : १४.४ चा वर्ग २०७.३६, त्याचे निम्मे १०३.६८, त्याला ४ ने भागले की सुमारे २६ वॅट. चिपमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात २० वॅटच्या आसपासच हाती लागतात.

मग ५० आले कोठून? २०७.३६ चे निम्मे न करता थेट ४ ने भागले की सुमारे ५२ येतात. लहर पूर्णपणे चौकोनी झाली, म्हणजे आवाज पार फाटला, तरच ही शक्ती मिळते. तेव्हा खरेदी करताना 'आर.एम.एस.' वॅट किती, एवढेच विचारावे. 'पीक' किंवा 'मॅक्स' आकड्याकडे दुर्लक्ष करावे. जुना स्टिरिओ काढून '५० × ४' चा नवा बसविल्याने आवाजाची ताकद सहसा वाढत नाही, कारण दोघांनाही वीज त्याच बॅटरीतून मिळते.

२) खर्चाआधी बिनखर्ची उपाय

प्रथम बेस, ट्रेबल आणि 'लाउडनेस' ही सर्व बटणे मध्यावर किंवा बंद करून ऐकावे. बेस पूर्ण वाढविलेला असला की लहान स्पीकर लवकर फाटतो. त्यानंतर गाण्याची प्रत तपासावी. मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आलेली, वारंवार दाबून लहान केलेली फाइल कोणत्याही स्टिरिओवर चांगली वाजणार नाही.

तिसरी तपासणी स्पीकरच्या तारांची. एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा उलट जोडल्या गेल्या, तर एका बाजूचा पडदा बाहेर येताना दुसऱ्या बाजूचा आत जातो आणि बेस नाहीसा होतो. आय.टी.आय. व पदविकेच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. स्पीकरच्या तारा स्टिरिओपासून सुट्या कराव्यात आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागले की पडदा बाहेर सरकतो. सर्व स्पीकर सारखेच वागले पाहिजेत.

३) पुढच्या दाराचे स्पीकर

स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी कागदी पडद्याचे हलके स्पीकर देते. त्यांचे चुंबक लहान असते आणि चौकट प्लास्टिकची असते. चारही स्पीकर बदलण्यापेक्षा त्याच पैशात पुढची एक चांगली जोडी घ्यावी. मागचे कंपनीचेच राहू द्यावेत.

जोडी दोन प्रकारची मिळते. 'कोअ‍ॅक्सिअल' प्रकारात उंच सुरांचा छोटा ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्यावरच असतो. ही जोडी स्वस्त असते व बसवायला सोपी जाते. 'कॉम्पोनंट' प्रकारात ट्वीटर वेगळा असतो, तो आरशाजवळ बसविता येतो. त्यामुळे गायकाचा आवाज पायांपाशी न येता समोरून आल्यासारखा वाटतो. बेताच्या खर्चात पहिला प्रकार पुरेसा आहे.

स्पीकर निवडताना 'सेन्सिटिव्हिटी' हा आकडा अवश्य पाहावा. एकाच पद्धतीने मोजलेल्या ८७ आणि ९० डेसिबलच्या दोन स्पीकरांत ३ डेसिबलचा फरक आहे. एवढा फरक अ‍ॅम्प्लिफायरने भरून काढायचा तर शक्ती दुप्पट करावी लागते. म्हणून कंपनीच्याच स्टिरिओवर वाजवायचे असल्यास जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घ्यावा.

अवरोधही जुळला पाहिजे. मल्टिमीटरने मोजल्यास ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.६ ओहम दाखवितो. ४ च्या जागी २ ओहमचा स्पीकर लावल्यास स्टिरिओची चिप तापून निकामी होऊ शकते. तसेच दाराची काच पूर्ण खाली घेऊन आतील खोली मोजावी. मागचे चुंबक काचेला अडल्यास सारा खर्च फुकट जातो.

४) दार म्हणजेच स्पीकरची पेटी

हा भाग स्वस्त आहे, पण बहुतेक लोक तो टाळतात. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, त्याच वेळी मागे ओढतो. मागची लहर फटींतून पुढे आली की दोन्ही लहरी एकमेकींना मारतात आणि ढोलकीचा धुम गळून पडतो. म्हणून स्पीकर व पत्रा यांच्यामध्ये घट्ट कडे आणि कडेने फोमची पट्टी बसवावी. दाराच्या बाहेरील पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची चिकट डॅम्पिंग शीट लावावी. पत्र्याचा थरथराट त्यामुळे कमी होतो. आतल्या पत्र्यावरील मोठी भोके बंद करावीत, मात्र दाराच्या तळाशी पावसाचे पाणी जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे कधीही बुजवू नयेत. ती बुजल्यास दार आतून गंजेल.

५) अ‍ॅम्प्लिफायर आणि तारा

एवढे करून काही महिने ऐकावे. अनेकांचे समाधान येथेच होते. आणखी ताकद हवी असल्यास लहान चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. 'हाय लेव्हल इनपुट' असलेला घेतल्यास तो स्पीकरच्या तारांवरून संकेत घेतो, त्यामुळे कंपनीचा स्टिरिओ काढावा लागत नाही. काही नव्या गाड्यांत मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरील बटणे त्याच यंत्राशी जोडलेली असतात, तेव्हा ते जागेवर राहिलेलेच बरे.

येथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो. अ‍ॅम्प्लिफायरची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज बसवावा. तो फ्यूज तारेला आग लागू नये म्हणून असतो. तार पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर बॅटरीचा सारा प्रवाह तिच्यातून जाऊन गाडी पेटू शकते. पत्र्यातून तार नेताना रबरी कडे घालावे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण ती कमी प्रवाह पेलते. म्हणून शुद्ध तांब्याचीच तार मागावी. कंपनीच्या तारा कापू न देता त्या गाडीचा जुळणारा कपलर वापरावा. तारा कापल्याचे कारण सांगून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ आहे. चार दुकाने फिरून भाव विचारावेत. खर्चाची वाटणी करताना निम्मी रक्कम पुढच्या स्पीकरवर, चौथाई दाराच्या कामावर आणि उरलेली कपलर, तारा व मजुरी यांवर, असा अंदाज ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायरचा विचार पुढच्या वर्षी करता येतो.

६) आवाज किती ठेवावा?

सोण नावाच्या भिक्षूला तथागतांनी वीणेचे उदाहरण दिले होते. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आवाज जुळविताना हेच ध्यानात ठेवावे. माणसाच्या बोलण्यातील शब्द स्पष्ट होतात ते मधल्या सुरांमुळे. बाबासाहेबांची १९५५ ची बी.बी.सी. रेडिओवरील मुलाखत गाडीत ऐकावी. बेस कमी केल्यावर त्यांचा प्रत्येक शब्द अधिक उघडा होतो. ही मुलाखत म्हणजे स्टिरिओ जुळविण्याची उत्तम कसोटीच आहे.

कानांनाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो, परंतु ९० डेसिबलचा केवळ ४ तास. दिवसभर गाडी चालविणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, तीही पाळावी.

विद्यार्थी मित्रांनी वरील २६ वॅटचा हिशेब स्वतः वहीत करून पाहावा आणि घरच्या गाडीचे स्पीकर मल्टिमीटरने मोजावेत. दुकानात वडिलांसोबत जाल तेव्हा 'आर.एम.एस. किती?' हा प्रश्न तुम्हीच विचारा.

जय भीम!