रुग्णासहि विचारा

वृद्धांची सेवा करावी, हें आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. ती कशी करावी हें त्या वृद्धासच विचारावें, एवढें मात्र आपण विसरतों.

गेल्या उन्हाळ्यांत अकोल्यास माझी ८२ वर्षांची वडील बहीण न्हाणीघरांत पडली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. मी अमरावतीहून गेलों, भाचे पुण्याहून आले. डॉक्टर बोलले तें भाच्यांशीं. इस्पितळांतील तिच्या खोलीच्या दाराशीं आम्हीं ठरविलें कीं, शस्त्रक्रियेनंतर तिला कायमचें पुण्यास न्यावें आणि अकोल्याचें घर बंद करावें. त्यांत माझाहि होकार होता. इतक्यांत आंतून आवाज आला, "अरे, पाय मोडला माझा, कान नाहीं मोडले. मला विचाराल कीं नाहीं?"

आम्हीं ओशाळून आंत गेलों. तिचें म्हणणें साधें होतें: चालतां येईपर्यंत घरींच पगारी बाई ठेवावी, पुण्याचें मग पाहूं. तसेंच केलें. आज ती काठी टेकीत तुळशीपर्यंत जाते. ती पुन्हां पडणार नाहीं अशी हमी कोण देणार? परंतु ती पुण्यासहि मिळाली नसती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. रोग्याच्या गुणांत 'ज्ञापकत्व', म्हणजे आपला विकार नीट सांगतां येणें, हाहि एक आहे. विचारणाराच नसेल तर त्यानें सांगावें कोणास?

कायदाहि याच बाजूचा आहे. रुग्ण स्त्री भुलीखालीं असतां तिच्या आईच्या संमतीनें केलेली जादा शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं अनधिकृत ठरविली. असाध्य आजारांत शुद्ध हरपल्यास कृत्रिम उपायांनीं आयुष्य लांबवावें कीं नाहीं, हें आधींच लिहून ठेवण्याचा हक्क त्याच न्यायालयानें २०१८ सालीं मान्य केला. २०२३ सालीं त्याची रीतहि सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून लेख साक्षांकित करून घ्यावा आणि आपल्या वतीनें बोलणाऱ्या आप्ताचें नांव त्यांत घालावें. हा लेख केव्हांहि बदलतां येतो.

ज्यांची स्मृति मंद झाली आहे, त्यांनाहि कोठें निजावें, काय खावें, कोण जवळ असावें, हें बहुधा सांगतां येतें. म्हणून वाचकांस एवढेंच विनवितों कीं, वडील माणसांविषयींचा विचार दाराबाहेर करूं नका. त्यांच्या खाटेशीं बसून करा. आणि उत्तर आपल्या सोयीचें नसलें, तरी तें शेवटपर्यंत ऐका.