धुळ्याचा रविवार, दुहैलचा शुक्रवार

‘तत्त्वज्ञान’ हा शब्द काढला की आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "ते निवृत्तीनंतर बघू." आणि दुसरं, "आपल्याला काय त्यातलं कळतंय!" गेली दोन वर्षं अल दुहैलमधल्या आमच्या घरी दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता आठ-दहा माणसं तत्त्वज्ञानाचं पुस्तक उघडून बसतात. त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या दिवशी दारातच हे दुसरं वाक्य म्हटलेलं आहे.

दोह्यातल्या मंडळींना दुहैल म्हणजे फुटबॉलचा क्लब, नाहीतर कतार विद्यापीठाच्या वाटेवरची बंगल्यांची वस्ती. भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते की इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि रविवारी सगळे कामाला जुंपलेले असतात. त्यामुळे आमचा वाचनाचा वार शुक्रवार. येणाऱ्यांत दोन इंजिनिअर आहेत, एक परिचारिका, एक हिशेबनीस, आम्ही तिघी-चौघी गृहिणी, मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेले एक आजोबा आणि नववीतली एक मुलगी. तत्त्वज्ञानाची पदवी कुणाकडेच नाही. माझं एम.ए. मराठीतलं. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी धुळ्यात शाळेत शिकवत होते.

आम्ही सुरुवातीला निवडलेल्या पुस्तकामागे हे धुळंच होतं. विनोबांची ‘गीता प्रवचने’ पुष्कळ घरांत असतात, पण ती कुठे आणि कुणासमोर दिली गेली हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं त्यांनी सहकैद्यांसमोर दिली. कॅलेंडर काढून मोजलं तर बरोबर अठरा रविवार भरतात, एकही खाडा नाही. ऐकायला विद्वानांची सभा नव्हती. शिकलेले कार्यकर्ते होते, तसे शेतीभातीतून उठून चळवळीत आलेले लोकही होते. समोरच्या प्रत्येकाला कळलं पाहिजे, हीच अट होती. म्हणून त्या प्रवचनांत शेत येतं, आई येते, स्वयंपाकघर येतं.

ही प्रवचनं उतरवून घेतली साने गुरुजींनी. तेही तिथेच कैदेत होते. त्यांनी लिहून घेतलं नसतं तर ते अठरा रविवार भिंतींतच राहिले असते. गुरुजींना हा विषय नवा नव्हता. अमळनेरला प्रताप शेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था काढली. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, एका व्यापाऱ्याच्या पैशावर, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यांची राहण्याजेवणाची आणि विद्यावेतनाची सोय झाली. १९२३च्या सुमारास साने गुरुजी तिथे शिकायला गेले आणि पुढे त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाले. ‘श्यामची आई’ त्यांनी लिहिली ती धुळ्यानंतरच्या वर्षी, नाशिकच्या तुरुंगात. नववीतल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, म्हणजे आपली सगळी चांगली पुस्तकं जेलमध्येच लिहिली का?" सगळी नाहीत, पण तिच्या प्रश्नात तथ्य आहे. टिळकांचं ‘गीतारहस्य’ही मंडालेच्या तुरुंगातलंच.

विनोबांची आणखी एक गोष्ट मला आम्हा नवख्यांसाठी महत्त्वाची वाटते. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. जी मिळाली तीही त्यांना अवघड गेली, तेव्हा तूच का करत नाहीस, असं त्यांनी मुलाला विचारलं. १९१८ साली त्या गेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली. मराठीतलं एवढं मोठं काम एका गृहिणीच्या "मला हे कळत नाही" या सरळ बोलण्यातून उभं राहिलं. म्हणून आमच्याकडे नवीन माणूस संकोचून "मला काही कळत नाही हं" म्हणाला की आम्ही त्याला पुढची खुर्ची देतो. ज्याला सगळं कळलेलं आहे, त्याच्यामुळे चर्चा पुढे सरकत नाही.

आमची पद्धत साधी आहे. एकेकाने एकेक पान मोठ्यानं वाचायचं. ज्याला मराठी वाचताना अडखळायला होतं, त्यानंही वाचायचं. इथेच वाढलेल्या मुलांचं मराठी वाचन यातून सुधारलं, हा आगाऊचा फायदा. पानावर काय लिहिलंय ते आधी समजून घ्यायचं, स्वतःचं मत नंतर. आणि कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवायचं. हा नियम आमचा नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांचा आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. समोरच्याची बाजू नीट मांडता आली नाही तर तिला उत्तर देण्याचा अधिकार कसला?

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. फक्त जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता दुसऱ्याचं तेवढं पाडायचं, ती वितंडा. हे वाचलं त्या दिवशी खोलीत हशा पिकला, कारण प्रत्येकाला आपापला व्हॉट्सॲपचा ग्रुप आठवला. तेव्हापासून आवाज चढू लागला की कुणीतरी हळूच विचारतं, "काका, हा वाद की जल्प?" तेवढ्यानं काम होतं.

आता ज्या सकाळमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येते. दुसरं प्रवचन चालू होतं. स्वधर्म शोधायला कुठे जावं लागत नाही, तो आईवडिलांसारखा आपल्याला जन्मासोबतच मिळालेला असतो, अशा आशयाचं विनोबांचं विवेचन आहे. आमच्यातल्या एका इंजिनिअरनं पुस्तक मिटलं. त्यांचे वडील सांगलीला एकटे राहतात. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. ते म्हणाले, "वडील मला जन्मासोबत मिळाले. इथली नोकरी मी मिळवली. मग विनोबांच्या हिशेबानं माझा स्वधर्म सांगलीत आहे. इथे दोन मुलांच्या शाळा आहेत, घराचं कर्ज आहे, तेही माझ्यामागे आहेच. आता सांगा, मी काय करू?"

परदेशात राहणाऱ्या प्रत्येक घराच्या कोपऱ्यात हा प्रश्न बसलेला असतो. एरवी आपण त्याच्यावर पटकन सल्ल्यांचं पांघरूण घालतो: माणूस ठेवा, कॅमेरा बसवा, त्यांना इकडे घेऊन या. त्या दिवशी नियमामुळे सल्ला देता येईना. आधी प्रश्न नीट मांडायचा होता.

एक ताई म्हणाल्या, "धुळ्यात विनोबांसमोर बसले होते त्यांचेही आईबाप घरीच होते की. मोठं काम समोर आलं म्हणून ते घर सोडून आले होते." त्यावर आजोबा म्हणाले, "त्यांना तुरुंगातून सुट्टी मिळत नव्हती. तुम्हाला मिळते." कुणी म्हणालं, देशासाठी घर सोडणं आणि पगारासाठी सोडणं एकच कसं? लगेच दुसऱ्यानं विचारलं, पण मुलांना वाढवणं हा स्वधर्म नाही का, आणि तो पगाराशिवाय होतो का? नववीतली मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः काय करायचं तेच विचारताय. तुमच्या बाबांना काय पाहिजे ते त्यांना कुणी विचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी वडिलांना फोन करून विचारलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी उत्तर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा जड झाला होता. वडिलांना दोह्याला यायचं नव्हतं, मुलानं नोकरी सोडून यावं असंही वाटत नव्हतं. त्यांची तक्रार निराळीच होती: तू फोन करतोस आणि औषधं घेतली का, बाई आली का, एवढंच विचारतोस. मी काय फक्त आजारी माणूस आहे का? तुमच्या त्या वर्गात काय चालतं ते मला सांग.

आता सांगलीच्या घरी ‘गीता प्रवचने’ची प्रत आहे. आम्ही शुक्रवारी जे वाचणार असतो ते ते गुरुवारीच वाचून ठेवतात आणि मुलाबरोबर एखादी शंका पाठवतात. पुष्कळदा ती आमच्या सगळ्यांच्या शंकांहून नेमकी असते. मूळ प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. वडील थकत जाणार, परतीचा निर्णय कधीतरी घ्यावाच लागणार. पण बाप-लेकाचं बोलणं औषधांच्या पलीकडे गेलं. वाचनाने याहून जास्त काय करायचं?

विनोबांनंतर आम्ही प्लेटोचा ‘क्रायटो’ घेतला. इंग्रजी अनुवादातून वाचणं सगळ्यांना जमत नव्हतं, म्हणून मी दर आठवड्याला दोन-दोन पानांचं मराठी टिपण करत असे. शाळा सुटल्यानंतर इतक्या आवडीनं केलेलं हे पहिलंच काम. यातही तुरुंगच आहे. इसवीसनापूर्वी ३९९ साल, अथेन्स. सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय. क्रायटो हा त्याचा मित्र पहाटेच येऊन सांगतो, पळून जायची सगळी व्यवस्था झाली आहे. सॉक्रेटिस निघत नाही. आधी पळणं योग्य आहे का ते बोलू, म्हणतो. जो माणूस शहर सोडून जायची मुभा असूनही तिथेच राहिला, त्यानं तिथले कायदे मान्य केले आहेत, असा त्याचा युक्तिवाद. परक्या देशात राहणाऱ्या आम्हाला तो चांगलाच लागू पडला. आपण इथे राहतो, म्हणजे कशाकशाला हो म्हटलंय? आणि मायदेश सोडला, म्हणजे तिथल्या कोणत्या बंधनातून सुटलो, कोणत्यातून नाही? या दोन प्रश्नांवर चार शुक्रवार गेले.

असे गट जगात इतरत्रही आहेत. पॅरिसमध्ये मार्क सोते या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं १९९२ साली बास्तीय चौकातल्या एका कॅफेत रविवारी सकाळी अशा चर्चा सुरू केल्या. कुणीही यावं, कॉफी घ्यावी, प्रश्न मांडावा. पुढे त्यांचं अनुकरण अनेक देशांत झालं. पण आपल्याला लांब जायची गरज नाही. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेली बाई मध्येच "म्हणजे हो काय बुवा?" विचारते, तेव्हा तीही हेच करत असते. फरक एवढाच, की पारायणात ग्रंथ पूर्ण व्हायला हवा असतो. आम्हाला पान उरकायची घाई नसते.

आणखी एक सांगते. हा सत्संग नाही आणि शिकवणीही नाही. इथे कुणी गुरू नाही. देव मानणारे येतात, न मानणारेही येतात. वर्गात शिक्षकाकडे उत्तर असावं लागतं. इथे माझं काम वेळ पाहणं, बोलणाऱ्याला मध्येच तोडू न देणं आणि चहा टाकणं.

तुमच्या भागात, मग तो वक्रा असो, अल खोर असो नाहीतर सांगली-सातारा, असा गट सुरू करायचा असेल तर चार माणसं, एक पुस्तक आणि दीड तास पुरेत. पुस्तक बारीक असावं. वेळ ठरलेली असावी आणि दोघंच आले तरी बैठक रद्द करू नये. पहिल्या दिवशी सगळ्यात नवख्या माणसाला पहिला प्रश्न विचारू द्यावा. गावाकडचे आईवडील फोनवर असतील तर त्यांनाही पान नेमून द्यावं.

आमच्याकडे दिवाळीनंतर पुन्हा पहिल्या प्रवचनापासून सुरुवात आहे, कारण नवीन पाच जण येणार आहेत. पुस्तक नसलं तरी या. खुर्च्या कमी पडल्या तर सतरंजी आहे, आणि त्या शुक्रवारी फराळ उरलेला असेलच.