कान दोन, कामे दोन, हेडफोन एक

‘काका, एकच हेडफोन घ्यायचाय. कार्यक्रमाला चालला पाहिजे आणि एरवी गाणी ऐकायलाही. कुठला घेऊ?’ डोंबिवली-कल्याणकडच्या हौशी संस्थांमध्ये साऊंड सांभाळणारी मुले हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. ही मुले दिवसभर मुंबईत नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी सावित्रीबाई फुले कलामंदिरात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, क्वचित ठाण्याच्या गडकरी रंगायतनला मिक्सरमागे उभी राहतात. सॅकमध्ये डबा, छत्री आणि एक हेडफोन, एवढीच जागा. दोन घेण्याइतके पैसेही नसतात. तेव्हा प्रश्न खरा आहे.

साऊंडवाल्याच्या कानावर हेडफोन दिसला की प्रेक्षकांना वाटते, गडी मजेत गाणे ऐकतोय. प्रत्यक्षात तो गाणे सोडून बाकी सगळे ऐकत असतो. मिक्सरवर प्रत्येक माइकसाठी एक छोटे बटण असते. ते दाबले की तेवढ्या एका माइकचा आवाज, सभागृहात जाण्याआधीच, हेडफोनमध्ये येतो. निवेदिकेच्या कॉलर-माइकला पदर घासतोय का, डग्ग्याचा माइक मुळात चालू आहे का, विजेची ती पन्नास सायकलची घुरघुर नेमकी कुठल्या वायरीतून येतेय, हे पडदा वर जायच्या आत शोधायचे असते. पडदा वर गेल्यावर ते शोधत बसणाऱ्याचे काय होते, हे सांगायला नको.

या कामाला बंद पाठीचा हेडफोन लागतो. कानाभोवती गच्च बसणारा, बाहेरचे आत आणि आतले बाहेर फारसे न जाऊ देणारा. उघड्या पाठीचे हेडफोन ऐकायला फार सुंदर असतात. सेनहायझरचा १९९७ साली आलेला एचडी ६०० त्याचा नमुना. गाणे डोक्यात न वाजता समोर बसून कोणी गातेय असे वाटते. पण फडके रोडवर ढोल-ताशाचे पथक शेजारून जात असताना तो कानाला लावणे आणि न लावणे सारखेच. शिवाय त्याचा रोध ३०० ओहम, म्हणजे साध्या मोबाइलला तो पुरेसा दामटता येत नाही. दोन्हीकडे चालवायचा तर ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा बघावा.

नावेच हवी असतील तर तीन सांगतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत राबतो आहे. दुमडतो, हलका आहे, पण त्याचा वरचा स्वर तीक्ष्ण, गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ जरा टोचतो. साऊंडवाल्याला ते हवेच असते, कारण दोष लगेच कळतो. रात्री उशीवर टेकून ऐकताना मात्र नको होते. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ चा. त्याची एका बाजूची वाटी फिरवून एक कान मोकळा ठेवता येतो, आणि ही सोय कार्यक्रमात लाखमोलाची. पण तो कानावर दाबून बसतो, तासाभराने पाळ्या दुखू लागतात. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स दोघांच्या मधला. खर्ज किंचित उदार, वायर काढघाल करता येणारी. एकच घ्यायचा असेल तर माझे मत याला. तरी चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. काडीमुळे गादी कानापासून सुटते आणि त्या फटीतून खर्ज पळून जातो.

‘ब्लूटूथचा घेतला तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. बिनवायरीचा आवाज हेडफोनपर्यंत पोचायला साधारण एक दशांश ते पाव सेकंद उशीर लागू शकतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा बरोबर पाव सेकंदाची. म्हणजे तबलजीची सम रंगमंचावर पडून गेली आणि तुमच्या कानात ती पुढच्या मात्रेला येऊन पडतेय! घरी ऐकायला काही बिघडत नाही, कार्यक्रमाला वायरच हवी. मिक्सरचे भोक पाव इंचाचे, तेव्हा जोडपिन सॅकच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावी. ती हरवतेच.

आणखी एक गोष्ट मुले विसरतात. हेडफोन वायरीतले खरे सांगतो, सभागृहातले नाही. स्पीकरचा खर्ज कितीही गच्च वाटीतून आत शिरतो आणि हेडफोनमधल्या खर्जात मिसळतो. डग्गा भरपूर आहे असे वाटून पोरगा तो कमी करतो आणि दहाव्या रांगेतल्या आजोबांना नुसती टकटक ऐकू येते. त्यात आवाज जितका मोठा, तितका खर्ज आपल्याला जास्त जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. म्हणून कार्यक्रमात भरदार वाटलेला तोच हेडफोन घरी हळू आवाजात रोडावल्यासारखा वाटतो. हेडफोन बिघडलेला नसतो. तोल जमवायचा असेल तर तो काढून चार पावले प्रेक्षकांत जाऊन उभे राहावे.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने कानाला आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास झेपतात. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन रोजचे दोन तास तर कुठे गेले नाहीत. लोकलच्या खडखडाटावर मात करायला गाणे ८६ वर नेले, की शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठवड्याचा कोटा खलास. आणि कार्यक्रम असतो शनिवारी! कानाची झीज आधी वरच्या पट्टीत होते, चार हजार सायकलच्या आसपास, आणि गेलेले परत येत नाही. असा साऊंडवाला त्याला ऐकू येईना म्हणून तारस्वर वाढवत राहतो आणि सगळे सभागृह कानावर हात ठेवून बसते. ज्याच्या पोटाचा नसला तरी जिवाचा हा धंदा आहे, त्याने गाडीत एक तर बंद पाठीचा हेडफोन हळू आवाजात लावावा किंवा सरळ झोपावे. फलाटावर उतरल्यावर मात तो गळ्यात. रूळ ओलांडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, ठाणे-कल्याणकरांना ते ठाऊक आहे.

आजूबाजूचा गोंगाट पुसून टाकणारे हेडफोन गाडीत उपयोगाचे खरेच, पंख्याची, मोटरची एकसुरी घरघर ते छान कापतात. कार्यक्रमात मात्र सभागृहातल्या एसीची घरघरही तेच खाऊन टाकतात. प्रेक्षक ती ऐकत असतात, तुम्ही नसता.

खरेदीला जाताना दुकानदाराच्या धडधडणाऱ्या गाण्यावर जाऊ नका. मोबाइलवर घरातल्या माणसाचे बोलणे आणि तंबोऱ्याची जोडी रेकॉर्ड करून न्या. आईचा आवाज आईसारखा वाटला पाहिजे, एवढी कसोटी पुरे. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो. लॅमिंग्टन रोडला अर्ध्या किमतीत ‘तोच’ मिळतो म्हणून कोणी सांगेल, तर बिल आणि वॉरंटी मागा. आणि गाद्या सुट्या मिळतात ना, हे आधी विचारा. आपल्याकडच्या घामाने आणि पावसाळ्याने त्यांचे काळे पापुद्रे दोन-तीन वर्षांत गालाला चिकटू लागतात.