जलपर्णीचा चारा : आधी पाण्याचा हिशेब

उन्हाळा लागला की पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा आणि पंचगंगा या नद्यांची पात्रे जलपर्णीने झाकली जातात. ती काढण्यावर नागरी संस्था पैसा खर्च करतात, पण ती पुन्हा फोफावते. नेमक्या याच दिवसांत दुष्काळी तालुक्यांत कडब्याचे भाव शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातात. तेव्हा एकीकडची ब्याद दुसरीकडचा चारा का होऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

जनावरे जलपर्णी खातात, याविषयी वाद नाही. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि तेथील जलमार्ग व भातशेती तिने अशी ग्रासली की, १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. तरीही पुराच्या दिवसांत अन्य चारा मिळेनासा झाला की तेथील शेतकरी तीच गुरांपुढे टाकीत आला आहे. चीनमध्ये तर डुकरांचे खाद्य म्हणून तिचा प्रसार करण्यात आला.

खरा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो दुहेरी आहे. जलपर्णीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. म्हणजे १०० क्विंटल वाहून नेली तर सुका चारा मिळणार अवघा ५ क्विंटल. उरलेले भाडे पाण्याचे! म्हणून दूरच्या वाहतुकीचा हिशेब जमणे कठीण. नदीकाठीच ती सुकवावी, चिरून मळी व कोंडा मिसळून तिचा मुरघास करावा, हाच व्यवहार्य मार्ग होय. तिच्या सुक्या भागात कडब्याहून अधिक प्रथिने असतात, हे खरे. परंतु ऑक्झलेट व क्षारही असल्याने तिला पूरक चाऱ्यापलीकडे स्थान देता येत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. जलपर्णी शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू पाण्यातून शोषून घेते. ज्या गुणामुळे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिची शिफारस होते, तोच गुण गव्हाणीत दोष ठरतो. मुळांत हे धातू अधिक साठत असले, तरी पानेही त्यांपासून मुक्त नसतात. उजनीचे उदाहरण बोलके आहे. चाऱ्याची टंचाई जाणवणारे तालुके या जलाशयाच्या जवळ आहेत, म्हणजे वाहतुकीची अडचण नाही. परंतु जलाशयात भीमेवाटे येते ते पुणे-पिंपरीचे सांडपाणी. अशा पाण्यावर पोसलेली जलपर्णी फुकट मिळाली तरी स्वस्त नव्हे. शहराने व कारखान्यांनी टाळलेला शुद्धीकरणाचा खर्च तिच्यावाटे पशुपालकाच्या गोठ्यात आणि अखेर दूध पिणाऱ्याच्या घरात पोहोचण्याचा धोका असतो.

यास्तव सांडपाणी न मिसळणाऱ्या तळ्यांतील जलपर्णी, प्रयोगशाळेत तपासून, मुळे छाटून व अन्य चाऱ्यात मिसळून टंचाईच्या काळात अवश्य वापरावी. शहरी नद्यांतील जलपर्णी मात्र गव्हाणीपासून दूरच ठेवली पाहिजे. तिच्यावर चाऱ्याचा धंदा उभा राहिला, तर ती नाहीशी होण्यात कोणाचेच हित उरणार नाही. नदीत जाणारे सांडपाणी शुद्ध करणे, हाच तिच्यावरील मूळ उपाय आहे. चाऱ्याच्या योजनेने त्याची जागा घेता कामा नये.