जात्यावरून वहीकडे



गटाच्या बैठकीत लिहिण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "आम्हाला कुठं लिहिता येतंय?" घोरावाडी असो की लोणावळा, बोल तोच. पण आपल्या आज्या-पणज्यांनी शाळेचं तोंड न बघता जात्यावर ओव्या रचल्याच की! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरुवात केली आणि सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभरातून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. म्हणजे रचणं आपल्याकडं आधीपासून आहे. अक्षरं नंतर आली.

ओवीकडून तीन गोष्टी घेऊ.

पहिली, डोळ्यांपुढची वस्तू धरायची. "पाऊस फार झाला" असं लिहिलं तर वाचणारीला काही दिसत नाही. "लाकडं ओली, चूल पेटेना, पोरं उपाशीच शाळेत गेली" असं लिहिलं की घरच दिसतं.

दुसरी, कुणाला तरी सांगायचं. ओवीतली बाई आईला, भावाला, शेजारणीला सांगते. तुम्हीही एक माणूस मनात धरा, म्हणजे शब्द आपसूक येतात.

तिसरी, कानानं तपासायचं. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर ते वाक्य मोडून लहान करा. नुसतं शोभेला आलेलं काढून टाका. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी बघू.

आता भीतीचं. "घरचे काय म्हणतील?" हा प्रश्न खराच आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता लिहीत. ते लिखाण त्यांनी २० वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. पुढं १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून छापून आलं आणि 'जिणं आमुचं' या नावानं त्याचं पुस्तक झालं. त्यांनी लिहिलं नसतं, तर त्यांच्या वस्तीतल्या बायांनी काय सोसलं ते आपल्याला त्यांच्या तोंडून कळलं नसतं. म्हणून लगेच कुणाला दाखवायची सक्ती नाही. लिहा आणि डब्यात ठेवा.

काय लिहायचं? आपल्या मावळात कितीतरी शेतांचे प्लॉट पडले. प्रत्येक शेताला नाव होतं. सातबाऱ्यावर गट नंबर सापडतो. पण ते नाव कसं पडलं, बांधावर कुठलं झाड होतं, लावणीला कोण कोण यायचं, हे तिथं नसतं. ते सासूबाईंच्या तोंडी आहे. त्या गेल्या की तेही जाईल.

तर या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा, एका शेताचं नाव विचारा आणि ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, दहा ओळी लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, लेकीनं किंवा सुनेनं उतरून घ्यावं. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चुका काढायच्या नाहीत. "मग पुढं काय झालं?" एवढंच विचारायचं. त्या प्रश्नाच्या उत्तरातच तुमचं पुढचं पान आहे.