झुपका सारखा, घराणं निराळं

स्लाइम मोल्ड बुरशीसारखे दिसतात, पण त्या बुरशा नव्हेत. पालापाचोळ्याखालच्या ओल्या मातीत त्यांतल्या काहींच्या अमिबासारख्या सुट्या पेशी जिवाणू खाऊन राहतात. अन्न संपलं की हजारो पेशी एकत्र येतात. काही मरून देठ होतात, बाकीच्या टोकावर बीजाणू बनतात.

या देठावर ठरावीक अंतरानं चक्राकार फांद्या दिसल्या, की वंशाचं नाव पॉलिस्फॉन्डिलियम! १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ ओस्कार ब्रेफेल्ड यांनी जांभळ्या व्हायोलेशियमला ते दिलं. पुढे तशाच फांद्यांचा पांढरा पॅलिडमही त्याच घरात आला. मला यात वावगं वाटत नाही. सूक्ष्मदर्शकातून रूपच तर दिसतं.

पण २००६ साली जनुकं ताडून पाहिली, तेव्हा दोघं दूरचे निघाले. जांभळा डिक्टिओस्टेलियमच्या जवळचा, पांढरा निराळ्याच शाखेतला. म्हणजे तशा फांद्या एकाहून अधिक वेळा, स्वतंत्रपणे उपजल्या होत्या. २०१८ मध्ये पॅलिडम हेटरोस्टेलियम या नव्या वंशात गेला. जुनं नाव जांभळ्याकडे राहिलं, कारण ते मुळात त्याच्याच आधारानं ठेवलेलं. जुन्या शोधनिबंधांत पॅलिडम अर्थात पूर्वीच्याच नावानं भेटतो. अभ्यासकानं दोन्ही नावं शोधावीत.