तांबड्या पेशीचं आवरण आणि मधुमेह

आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण सात ते आठ मायक्रोमीटर रुंद असते, आणि ज्या केशवाहिन्यांतून तिला जायचं असतं, त्या कित्येक ठिकाणी तिच्याहूनही अरुंद असतात. मग ती जाते कशी? अंग चोरून, दुमडून. हे जमतं ते तिच्या आवरणामुळे. बाहेरून स्निग्ध पदार्थांचा पातळ पापुद्रा आणि आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची लवचीक जाळी.

मधुमेहात या आवरणालाच झळ पोहोचते. स्नायूंत साखर शिरायला इन्शुलिनची मदत लागते, तांबड्या पेशीला तसा दरवानच नाही. रक्तात साखर वाढली की पेशीतही वाढते. ती हिमोग्लोबिनला चिकटते, तशी आवरणातल्या प्रथिनांनाही चिकटते. पापुद्र्यातली स्निग्धं, तेल खवट व्हावं तशी, बिघडतात. पेशी ताठर होतात आणि डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पाय इथल्या बारीक वाहिन्यांतून कष्टाने सरकतात. अर्थात सगळा दोष पेशींचा नव्हे. वाहिन्यांच्या भिंतीही खराब झालेल्या असतात.

या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे बिघडलेलं प्रथिन बदलून नवं घालण्याची सोय तिच्याकडे नाही. पण तिचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. साखर आटोक्यात ठेवली, तर तीन-चार महिन्यांत जवळजवळ सगळ्या पेशी नव्या येतात. एचबीए१सी ही तपासणी दर तीन महिन्यांनी करायला सांगतात, ती याच हिशेबाने. सिकलसेलच्या रुग्णांत मात्र पेशी लवकर मरतात आणि हा आकडा फसवा, कमी येऊ शकतो. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार आढळतो. तिथल्या मधुमेही रुग्णांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.